मुंबई ते न्यूयॉर्क : तिकिटावरची वेळ कशी वाचावी?

आपल्या वस्त्यांतील मुलेमुली आता उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला जाऊ लागली आहेत. १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी न्यूयॉर्कला गेले, तेव्हा बोटीच्या प्रवासाला कित्येक आठवडे लागले होते. आज थेट विमानाने तेच शहर एका दिवसात गाठता येते. परंतु घरातले पहिलेच विमानाचे तिकीट हाती आले की आईवडील गोंधळतात. आम्ही पडलो कारकून. आकडा जुळल्याशिवाय आम्हांला चैन पडत नाही. म्हणून हा हिशेब मांडत आहोत.

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. मुंबई-नागपूर रेल्वेमार्गाच्या जवळजवळ पंधरापट! भिंतीवरच्या नकाशात सरळ रेघ ओढली तर ती अरबस्तानावरून जाते. पण पृथ्वी गोल आहे. शाळेतल्या पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून पाहा. तो उत्तरेला वळून ग्रीनलंडच्या बाजूने जाईल. जवळचा रस्ता तोच.

जाताना थेट विमानाला साधारण १६ तास लागतात, येताना १४. कारण फार उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते अडवतात, येताना ढकलतात. मध्ये विमान बदलायचे असेल तर प्रवास २० तासांच्याही वर जातो.

आता घड्याळाकडे वळू. न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. मार्च ते नोव्हेंबर तिकडे घड्याळ एक तास पुढे करतात, तेव्हा हा फरक साडेनऊ तासांचा होतो. तिकिटावर प्रत्येक ठिकाणची स्थानिक वेळ छापलेली असते. समजा, जानेवारीत विमान मुंबईहून रात्री १२.३० ला सुटले. १६ तासांनी आपल्याकडे दुपारचे ४.३० होतील, पण न्यूयॉर्कला त्याच दिवशीचे सकाळचे ६ वाजलेले असतील. तिकिटावर दिसतात साडेपाच तास! परतीला दुपारी १२ ला निघालेले विमान मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारी १२.३० ला उतरेल. तिकिटावर दिसतात साडेचोवीस तास. दोन्हींची बेरीज ३०. आणि १६ अधिक १४ सुद्धा ३०च. ताळा जमला.

पालकांनी सर्वांत जपायचे ते तारखेला. तिकिटावर '१२ जानेवारी, ००.३०' असेल तर ती ११ तारखेची रात्र उलटल्यावरची वेळ होय. विमानतळावर तीन तास आधी, म्हणजे ११ तारखेच्या रात्री साडेनऊलाच पोहोचले पाहिजे. १२ च्या रात्री सामान घेऊन गेलात, तर विमान आदल्याच रात्री गेलेले असेल. पतपेढीचे कर्ज काढून घेतलेले तिकीट असे वाया जाऊ देऊ नका. तिकीट हाती येताच निघण्याची रात्र, तारीख आणि वार कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवा, आणि घरातल्या सर्वांना एकदा मोठ्याने वाचून दाखवा.