वर्तमानपत्रातील लेख आपल्या पत्रिकेत छापताना

धर्मग्रामाच्या सणाची स्मरणिका तयार होऊ लागली की कोल्हापुरातील एखाद्या दैनिकाचे कात्रण आमच्यापुढे ठेवले जाते आणि विचारणा होते : 'लेखाखाली "साभार" लिहिले म्हणजे पुरे ना?' पुरे नाही. 'साभार' हा शिष्टाचार झाला. परवानगी ही निराळी बाब आहे.

बातमीतील घटना कोणाच्याही मालकीची नसते. पंचगंगेला पूर आला, हे आपण आपल्या शब्दांत खुशाल लिहावे. परंतु वार्ताहराने ज्या शब्दांत ते लिहिले, त्या शब्दांना १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे संरक्षण आहे. त्यासाठी नोंदणीची अट नाही, किंवा 'सर्व हक्क राखीव' असे छापलेले असण्याचीही नाही.

मग परवानगी मागावी कोणाकडे? येथे कायद्याने एक बारीक भेद केला आहे. पगारी पत्रकाराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला लेख अन्य नियतकालिकात छापण्याचा हक्क, वेगळा करार नसल्यास, वृत्तपत्राच्या मालकाचा असतो. पुस्तकासारख्या इतर उपयोगांचा हक्क मात्र लेखकाकडेच राहतो. बाहेरून लेख पाठविणाऱ्या शिक्षकाने वा गृहिणीने हक्क लिहून दिलेला नसेल, तर तो सर्वस्वी त्यांचाच. आपल्याकडे संपादकांना फोन करून काम उरकले जाते आणि ज्याने रात्री जागून लेख लिहिला त्याला पत्ताही लागत नाही, याचे आम्हांस वाईट वाटते. लेखकाचे नाव गाळणे तर अधिकच गैर. आपले नाव आपल्या लेखनाशी जोडलेले राहावे, हा अधिकार कायद्याने (कलम ५७) त्याला स्वतंत्रपणे दिला आहे.

आता सवलतींकडे वळू. कलम ५२ नुसार चालू आर्थिक, राजकीय, सामाजिक वा धार्मिक विषयावरील लेख दुसऱ्या वृत्तपत्राला, मासिकाला वा नियतकालिकाला छापता येतो; मात्र लेखकाने तो हक्क स्पष्टपणे राखून ठेवलेला नसावा. नियमित निघणाऱ्या धर्मग्राम-पत्रिकेस ही सवलत मिळावी असे आमचे मत आहे. वर्षातून एकदाच, तीही जाहिराती घेऊन निघणाऱ्या स्मरणिकेने तिच्यावर विसंबू नये. कविता, कथा, छायाचित्र व व्यंगचित्र यांना ती लागू नाही. स्वतःच्या अभ्यासासाठी प्रत काढणे, परीक्षणात उतारा देणे आणि सभेत लेखाचा माफक अंश वाचून दाखविणे यांस मात्र मुभा आहे.

जुन्या लेखनाबाबत मुदत पाहावी. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे हक्क टिकतो. १९९२ पूर्वी ही मुदत ५० वर्षे होती. राजर्षी शाहू महाराजांनी ज्या पाक्षिकास साह्य केले त्या 'मूकनायका'त १९२० साली डॉ. आंबेडकरांनी लिहिलेले लेख २०१६ अखेर मुक्त झाले, कारण त्यांचे निधन १९५६ चे. कोल्हापुरात राहिलेले वि. स. खांडेकर १९७६ साली निवर्तले; त्यांचे लेखन २०३६ अखेरपर्यंत परवानगीवाचून छापता येणार नाही.

मोबाइलवर अख्खे ई-पेपर फिरविण्याचा प्रघातही निरुपद्रवी नाही. 'दैनिक जागरण'च्या प्रकाशकांच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२० साली असे अंक वाटणाऱ्या टेलिग्राम वाहिन्या ४८ तासांत बंद करण्याचा आदेश दिला. जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगाला ६ महिने ते ३ वर्षे कैद व ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. व्यापारी लाभाचा हेतू नसल्यास न्यायालय शिक्षा कमी करू शकते, एवढेच.

परवानगीचे पत्र अवघड नसते. लेखाचे शीर्षक, प्रसिद्धीची तारीख, आपल्या प्रकाशनाचे नाव, प्रतींची संख्या व ते विक्रीसाठी आहे की नाही, एवढे नमूद करावे. लेखात काटछाट करावयाची असल्यास तेही सांगावे. होकार लेखी घ्यावा आणि छापलेला एक अंक लेखकाच्या घरी पाठवावा. छपाईपूर्वी निदान महिनाभर आधी पत्र टाकावे, आणि उत्तर येईपर्यंत त्या पानासाठी दुसरा मजकूर तयार ठेवावा.