धातूचा शिणवटा आणि लेसरचा घाव

इंदूरकडच्या आपल्या बोलण्यात ‘मजबूत’ हा शब्द फार राबतो. दार मजबूत, दोर मजबूत, सुरीही मजबूत. धातूंविषयी लिहू लागलो की तो अपुरा पडतो. काच कठीण असते, पण चिवट नसते. शिसे वाकते, तुटत नाही. त्याला बळकट मात्र कोणी म्हणणार नाही. कठीण, बळकट, चिवट हे मराठीतले तीन वेगळे शब्द तीन वेगळ्या मोजमापांची नावे आहेत. विद्यार्थ्याने एकाच्या जागी दुसरा वापरला, तर उत्तरच बदलते.

लोहाराचे ‘पाणी देणे’ असेच नेमके आहे. कोयता लाल करून पाण्यात बुडवला की पोलादात विरघळलेल्या कार्बनला बाहेर पडायला सवड मिळत नाही. अणूंची रचना ताणलेली राहते आणि धार कठीण होते. सोबत ठिसूळपणा येतो. तो उतरवायला पाते पुन्हा बेताने तापवावे लागते.

हीच युक्ती इन्कोनेल ६२५ या निकेलच्या मिश्रधातूवर चालत नाही. त्यात २० ते २३ टक्के क्रोमियम, ८ ते १० टक्के मॉलिब्डेनम आणि थोडे निओबियम असते. लालबुंद करून पाण्यात टाकला तरी तो मऊच राहतो. निकेलच्या अणूंच्या रांगांत मॉलिब्डेनम-निओबियमचे मोठे अणू अडसरासारखे बसतात, रांगांना सरकू देत नाहीत. त्याचे बळ त्यातून येते. खारे पाणी, आम्ल, तप्त वायू यांच्यापुढे तो टिकतो. यंत्रावर कापायला मात्र भारी त्रासाचा.

म्हणून त्याची भुकटी लेसरने वितळवून थरावर थर चढवत वस्तू घडवण्याचा मार्ग महत्त्वाचा ठरतो. विजयनगरच्या अगदी उलट टोकाला, सुखनिवासकडे, राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे. १९८४ मध्ये त्याची पायाभरणी झाली. तिथे या मिश्रधातूवर असे काम झाले आहे. यातली मेख थंड होण्यात आहे. थर गोठताना निओबियम शेवटच्या द्रवात गोळा होतो आणि तिथे ठिसूळ कण धरतात. लेसरचा वेग, शक्ती आणि भुकटीचे प्रमाण जुळवून गोठणे जलद केले, तर हे कण कमी होतात. स्फटिकही थरांच्या दिशेने उभे वाढतात. त्यामुळे वस्तूचे बळ उभ्या आणि आडव्या दिशेत सारखे नसते.

याच केंद्रात स्प्रिंगच्या पोलादावर लेसरचे घाव घालण्याचेही प्रयोग झाले. ट्रकच्या कमानीचा पाटा एका भाराने मोडत नाही. लाखो हेलकाव्यांनी शिणतो. या शिणवट्याची चीर बहुधा पृष्ठभागावर सुरू होते. तिथे काळा लेप देऊन वरून पाण्याचा पातळ थर सोडतात आणि काही नॅनोसेकंदांचा लेसर झोत मारतात. लेपाची क्षणात वाफ होते, पाणी तिला दाबून धरते आणि धक्का आत शिरतो. कसेरा बाजारातला कारागीर भांड्यावर ठोके देतो, त्याच जातीचे हे काम. फक्त हातोडा दिसत नाही. सुमारे एक मिलिमीटर खोलीपर्यंत धातू दाबात राहतो आणि चीर उघडायला आधी तो दाब मोडावा लागतो.

भट्टीत राबणाऱ्या भागाला या घावाचा तेवढा उपयोग नाही. उष्णतेत हा साठलेला दाब हळूहळू सैल पडतो.