पीठ आलं, काटवट राहिली

३० सप्टेंबर १९९३, गुरुवार. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं आणि गावं उशिरा झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात जमीन हादरली. मिनिटभराच्या आत लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतली ५२ गावं जमीनदोस्त झाली. सरकारी नोंदींनुसार आठ हजारांच्या आसपास माणसं गेली; इतर अंदाज दहा हजारांच्या जवळ जातात.

त्या आठवड्यात अख्खा महाराष्ट्र गहिवरला होता. गल्लोगल्ली डबे फिरले, शाळेतल्या पोरांनी खाऊचे पैसे आणून दिले, बायकांनी रात्री जागून पोळ्या लाटल्या. मी तेव्हा सोलापुरात कॉलेजात होतो. आलेले गठ्ठे सोडायचं, निवडायचं आणि ट्रकमध्ये भरायचं काम आमच्याकडे होतं. अशाच एका ट्रकबरोबर उमरगा तालुक्यातल्या एका गावात गेलो. पिठाची पोती उतरवत असताना एक आजी जवळ आली आणि म्हणाली, "पीठ लई आलंय लेकरा. पण भाकर थापू कशात? काटवट मातीत गेली."

आमच्या ट्रकमध्ये काटवट नव्हती, तवा नव्हता, परातही नव्हती. आम्ही कुणी ते विचारलंच नव्हतं. आपल्या समाजात दयेची कमतरता नाही, हे मी त्या आठवड्यात डोळ्यांनी पाहिलं. पण दया आणि मदत यांच्यामध्ये एक प्रश्न उभा असतो: "तुम्हाला काय हवंय?" तो न विचारल्यामुळे काही गैरसमज पक्के होऊन बसले आहेत. पुढचा भूकंप येण्याआधी ते दूर व्हायला हवेत.

गैरसमज १ : भूकंपग्रस्त सुन्न होऊन बसतात, त्यांना वाचवायला बाहेरूनच माणसं यावी लागतात.

वस्तुस्थिती : ढिगाऱ्याखालून जिवंत निघणारी बहुतेक माणसं पहिल्या चोवीस तासांत निघतात आणि त्यांना काढणारे हात शेजाऱ्यांचे, भावकीचे, गावकऱ्यांचे असतात. लष्कर आणि बचाव पथकं यांचं काम मोलाचंच आहे, पण ती पोहोचेपर्यंत वेळ जातो. किल्लारीतही उजाडायच्या आत वाचलेल्यांनी हातांनी आणि मिळेल त्या अवजारांनी दगडमाती उपसायला सुरुवात केली होती. कोणत्या घरात कोण कुठे झोपतं, हे शेजाऱ्यालाच ठाऊक असतं. म्हणून मदत घेऊन जाणाऱ्याने गावकऱ्यांना लाभार्थी न समजता कामाचे खरे म्होरके समजावं.

गैरसमज २ : हाताशी असेल ते पाठवावं; संकटात काहीच वाया जात नाही.

वस्तुस्थिती : खूप काही वाया जातं. आम्ही गठ्ठे निवडत होतो त्या हॉलमध्ये एका गठ्ठ्यात धुऊन इस्त्री केलेला लहान मुलीचा फ्रॉक निघाला. त्याच्या खिशात पाच रुपयांची नोट घडी घालून ठेवली होती. ते पाहून आमच्यातल्या दोघींना रडू आवरेना. त्याच ढिगात बुरशी आलेल्या चादरी, एकेकटी चप्पल आणि हुक तुटलेले ब्लाउजही होते. निवडण्यात आमचे दिवसच्या दिवस गेले. भूकंपापाठोपाठ पाऊस लागला आणि उघड्यावर उतरवलेले कितीतरी गठ्ठे चिखलात गेले. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावरही जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले.

घर गेलं म्हणून माणसाची आवडनिवड आणि अब्रू जात नाही. लुगडं नेसणाऱ्या बाईला पंजाबी ड्रेस देऊन तिची अडचण मिटत नाही. त्या दिवसांत लोक मागत होते ते ताडपत्री, पत्रे, कंदील, घागरी, चुलीवरची भांडी आणि जनावरांसाठी कडबा. वस्तू द्यायचीच असेल तर आधी तिथे विचारावं, नवी द्यावी, एका खोक्यात एकाच प्रकारची भरावी आणि आत काय आहे ते बाहेर मोठ्या मराठी अक्षरांत लिहावं.

गैरसमज ३ : पैसे दिले की मध्येच गळती होते, वस्तू दिलेली बरी.

वस्तुस्थिती : गळतीची भीती अनाठायी नाही. पण ती वस्तूंनाही लागू आहे; शिवाय वस्तूंना ट्रक, गोदाम, हमाल आणि निवडणारे हात लागतात. पैशाचं तसं नाही. आज ताडपत्री, महिन्याने बियाणं, वर्षाने शाळेची फी अशी गरज बदलते, तसा पैसाही वळवता येतो. जवळच्या बाजारातून खरेदी झाली तर तिथल्या दुकानदाराचा आणि हमालाचा रोजगार पुन्हा सुरू होतो. तेही भूकंपातलेच असतात.

प्रश्न पैसे कुठे द्यायचे, हा आहे. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी जानेवारी १९४८ मध्ये फाळणीतल्या निर्वासितांसाठी लोकवर्गणीतून सुरू झाला. मुख्यमंत्री सहायता निधीही आहे. या दोन्हींना दिलेली देणगी जुन्या करप्रणालीत आयकरात वजावटीस पात्र ठरते. संस्थेला द्यायचं असेल तर नोंदणी क्रमांक, संस्थेच्या नावाचं बँक खातं आणि पावती या तीन गोष्टी पाहाव्यात. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा क्यूआर कोड अधिकृत संकेतस्थळावर जुळवून पाहिल्याशिवाय स्कॅन करू नये. आपत्तीच्या दुसऱ्याच दिवशी भामटेही कामाला लागलेले असतात.

गैरसमज ४ : मृतदेह पडून राहिले की साथ पसरते, म्हणून ओळख पटवत न बसता लगेच विल्हेवाट लावावी.

वस्तुस्थिती : जागतिक आरोग्य संघटनेने हे अनेकदा स्पष्ट केलं आहे की भूकंपात दगावलेल्यांच्या देहांमुळे साथी पसरत नाहीत. ही माणसं रोगाने गेलेली नसतात, माराने गेलेली असतात. साथीचा खरा धोका असतो तो गढूळ पाणी, उघड्यावरचं शौच आणि दाटीवाटीची छावणी यांचा. तेव्हा पहिला पैसा पाण्याच्या टाकीवर, क्लोरीनवर आणि शौचालयांवर जावा.

किल्लारीत घाईघाईने सामुदायिक चिता पेटल्या. त्या परिस्थितीत गावकऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण ओळख पटण्याआधी देह गेला की मागे राहिलेल्यांना शेवटचं दर्शन मिळत नाही. मृत्यूचा दाखला, भरपाई, सातबाऱ्यावरची वारसनोंद या सगळ्यासाठी पुढे खेटे घालावे लागतात. फोटो, अंगावरची खूण आणि जागेची नोंद एवढं ठेवायला वेळ द्यायलाच हवा.

गैरसमज ५ : खरी कळकळ असेल तर स्वतः धावून जायला हवं.

वस्तुस्थिती : डॉक्टर, परिचारिका, गवंडी, वीज आणि पाण्याची कामं जाणणारे, यांनी जरूर जावं, पण कुणाच्या तरी नियोजनात सामील होऊन. बाकीच्यांच्या गाड्यांनी अरुंद रस्ते अडतात आणि रुग्णवाहिका मागे राहते. १९९३ मध्ये मदत करणाऱ्यांबरोबर नुसते पाहायला आलेल्यांचीही रीघ लागली होती. ज्याचं घर गेलं आहे, त्याच्याकडून पाण्याची आणि झोपायच्या जागेची अपेक्षा ठेवून जाणं ही मदत नव्हे. आपल्याच गावात रक्तदान करणं, निधी गोळा करणं, शहरातल्या रुग्णालयात हलवलेल्या जखमींच्या नातेवाइकांना डबा पोहोचवणं, हेही तितकंच मोठं काम आहे.

गैरसमज ६ : अनाथ झालेल्या मुलांना लगेच कुणीतरी घरी न्यावं.

वस्तुस्थिती : भावनेच्या भरात मूल घरी नेणं कायद्याने दत्तक ठरत नाही आणि त्यातून मुलांच्या तस्करीला वाट मिळते. कितीतरी मुलांचे काका, मामा, आजी जिवंत असतात. त्यांचा शोध आधी घ्यावा लागतो. दत्तक प्रक्रिया ही बालकल्याण समिती आणि केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण यांच्यामार्फतच होते.

किल्लारीनंतर काही माणसांनी अशा मुलांच्या प्रश्नाला दीर्घ पल्ल्याचं उत्तर दिलं. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली १२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला आणली आणि त्यांची वर्षानुवर्षं जबाबदारी घेतली. पन्नालाल सुराणा यांनी नळदुर्गजवळ 'आपलं घर' उभं केलं. या मुलांना आठवड्याभराची कीव मिळाली नाही. शाळा, जेवण आणि पाठीवर हात असं सगळं बालपण मिळालं.

गैरसमज ७ : गाव दत्तक घेतलं, घरं बांधून दिली, की पुनर्वसन झालं.

वस्तुस्थिती : ५२ गावं नव्या जागी वसवली गेली आणि त्यात देशभरातल्या देणगीदारांनी हात दिला. मजबूत घरं मिळाली, ही मोठी गोष्ट आहे. पण सरळ रेषेत आखलेल्या रुंद रस्त्यांनी जुन्या गल्ल्यांची सोबत तोडली आणि शेतं लांब पडली. काही ठिकाणी घुमटाकार घरं दिली गेली. त्यांच्या गोल भिंतीला कपाट टेकत नाही आणि कुटुंब वाढलं तर खोली काढता येत नाही. कणगी कुठे ठेवायची, बैल कुठे बांधायचा, हे राहणाऱ्याला विचारायचं राहून गेलं.

याच भूकंपाने दुसरी वाटही दाखवली. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या कार्यक्रमात, कमी पडझड झालेल्या शेकडो गावांत घरमालकांनाच पैसे आणि तांत्रिक सल्ला देऊन दुरुस्ती करून घेतली गेली. इथल्या जुन्या घरांच्या जाड दगडी भिंतीचे आतले-बाहेरचे दोन थर मातीनेच जोडलेले होते. हादऱ्यात ते सुटले आणि वरचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, कोसळलं. म्हणून दुरुस्तीत माळवदावरची माती कमी करायची, भिंतीत आरपार जोडदगड बसवायचे आणि भिंती बांधून ठेवणारे आडवे पट्टे टाकायचे, असं सांगितलं गेलं. दगड दोषी नव्हता, बांधणी कच्ची होती. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून तयार केलं. त्या घरोघरी जाऊन दुरुस्तीची माहिती देत आणि कामावर लक्ष ठेवत. ज्या बायका मदतीच्या रांगेत उभ्या होत्या, त्याच गवंड्याला जाब विचारू लागल्या. पुनर्वसन म्हणतात ते याला.

मग आपण काय करावं?

वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर भूकंप असतो तेव्हा देणारे खूप असतात. तंबू गळायला लागतात, सरकारी पंचनाम्यात नाव सुटलेलं असतं, पोराची फी थकलेली असते, तेव्हा पहिलं पान बदललेलं असतं. म्हणून द्यायचं ठरवलं असेल त्यातलं अर्धं आज द्यावं आणि अर्धं सहा महिन्यांनी. देण्याआधी तिथल्या माणसाला एक फोन करून विचारावं.

त्या आजीसाठी आम्ही दुसऱ्या फेरीला काटवट, तवा आणि परात नेली. तिच्याबरोबर गल्लीतल्या आणखी अकरा घरांसाठीही नेली, कारण या वेळी आम्ही यादी तिच्याकडूनच लिहून घेतली होती. तिने तीन दगडांची चूल मांडली, पहिली भाकरी थापली आणि ती आमच्या ड्रायव्हरच्या हातात दिली. "आता बसा," ती म्हणाली, "जेवूनच जा."