पुस्तकाविषयी लिहिताना (भाग ६) : बुधाच्या माचीखाली

कर्जतहून कोंडिवड्यामार्गे राजमाचीला निघालेला माणूस कोंडाण्याच्या लेण्यांपाशी थांबतोच. पुढचा चढ दम काढणारा आहे. गो. नी. दांडेकरांच्या ‘माचीवरला बुधा’मधली माची ती हीच, राजमाचीची. मागच्या आठवड्यात आपण कथानकाचा सारांश कसा लिहावा ते पाहिलं. या कादंबरीचा सारांश दोन ओळींत संपतो. मुंबईत आयुष्य काढलेला एक म्हातारा माचीवर परततो आणि झाडं, पाखरं, खारी नि टिप्या नावाचा कुत्रा यांच्या संगतीत राहतो.

परीक्षण लिहिणाऱ्याची पंचाईत इथेच होते. ‘कादंबरीत फारसं काही घडत नाही’ असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. पण याच लेखकाची ‘जैत रे जैत’ आठवा. राणीमाशीने डोळा फोडलेला नाग्या सूडाला पेटतो आणि कथा वाचकाला ओढत नेते. म्हणजे घटना रचणं दांडेकरांना जमत होतं. बुधासाठी त्यांनी ते टाळलं. तेव्हा विचारायचं ते असं, की घटना वगळून त्यांनी काय मिळवलं, आणि काय गमावलं?

कोंडाण्याच्या चैत्याचा दर्शनी भाग लाकडी बांधकामाची नक्कल करत दगडात कोरलेला आहे. तिथे उभं राहून ‘खरं लाकूड कुठाय?’ असं कुणी विचारत नाही. कादंबरीबाबत मात्र ‘हे खरंच असं असतं का?’ असं आपण सर्रास विचारतो, आणि ही सवय जुनी आहे. का. बा. मराठे यांनी १८७२ मध्ये नावल (म्हणजे कादंबरी) आणि नाटक यांवर निबंध लिहिला, तेव्हा अद्भुतात रमलेल्या तत्कालीन कादंबऱ्यांना त्यांनी असंभाव्यतेबद्दलच धारेवर धरलं होतं. त्या काळी ते गरजेचंच होतं. आज नुसतं ‘वर्णन हुबेहूब आहे’ म्हणण्याने काही साधत नाही.

मग जागा पाहून आल्याचा उपयोग काय? लेखकाने काय गाळलं ते दिसतं. श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या पायथ्याशी, माचीवरच, उधेवाडी हे नांदतं गाव आहे. जिथे गाव आहे तिथे बांधावरून भांडणं असतात, उधारी असते, आजारपणात खाली उतरायची धावपळ असते. बुधाच्या एकांताला जागा करून देताना यातलं किती मागे सरलं, हे तपासण्यासारखं आहे. गाळणं हा दोष नव्हे, तो लेखकाचा अधिकार. पण त्या निवडीने माणूस उजळला की सपाट झाला, एवढं तरी परीक्षणाने सांगायला हवं.

माझं मत सांगतो. निसर्गाकडे पाहण्याचा संथपणा हे या पुस्तकाचं बळ. पण लेखकाचा बुधावर इतका जीव आहे, की त्याला चिडायला, खोटं बोलायला, क्षुद्र व्हायला फारशी मुभाच मिळत नाही. तुम्हाला हे पटलं नाही तर उत्तमच. मात्र खोडून काढताना उतारा पुढे ठेवा. पेन्सिलीने खुणा करत दुसऱ्यांदा वाचा. झाडाचं वर्णन आलं की थांबून पाहा: हे बुधाला दिसतंय, की गडकिल्ले पायी तुडवणाऱ्या दांडेकरांना? त्यातले शब्द बुधाला सुचले असते का? अशा एका परिच्छेदाची नीट उकल केली, तर ‘ओघवती भाषा’, ‘संग्रही असावे असे पुस्तक’ ही पुरवण्यांमधली ठेवणीतली वाक्यं लागतच नाहीत. (ती वाक्यं पुस्तक न वाचताही लिहिता येतात, हीच त्यांची सोय.)

दांडेकरांचं दुर्गप्रेम, त्यांची भटकंती, तळेगावचं घर यांवर निम्मा लेख खर्च करू नका. शेवटही फोडू नका. शेवटाबद्दल तक्रार असेलच, तर त्याआधीच्या पानांनी तो कमावला आहे की नाही, एवढ्यावर बोला. ते काय घडलं हे न सांगताही बोलता येतं.

पुढच्या आठवड्यात कथासंग्रह घेऊ. तिथे बारा कथांना बारा परिच्छेद वाटून देण्याची खोड मोडायची आहे.