नेम नसलेली तोफ

एखादा पुढारी, अधिकारी नाहीतर क्रिकेटपटू ‘लूज कॅनन’ आहे असं लिहायची इंग्रजी वर्तमानपत्रांना भारी हौस. माणूस आपल्याच बाजूचा असतो. पण कधी काय बोलेल, कुणाच्या अंगावर जाईल, कुठला कागद कुणापुढे ठेवेल याचा भरवसा नाही, आणि नुकसान व्हायचं ते आपलंच. याचं मराठी करा म्हटलं की भल्या भल्या भाषांतरकारांना घाम फुटतो. ‘सैल तोफ’ असंही छापलेलं मी वाचलं आहे. लेंगा सैल असतो, तोफ कशी सैल होईल? आणि ‘लूज’ तसंच ठेवावं, तर हा शब्द आपल्याकडे औषधाच्या दुकानात इतका रुळलाय की वाचणाऱ्याला आधी पोटच आठवायचं.

मुळात ही तोफ जहाजावरची. शिडाच्या लढाऊ जहाजांवरच्या मोठ्या तोफा दोन-अडीच टनांच्या असत. चार छोट्या चाकांचा बुटका लाकडी गाडा, आणि तो जहाजाच्या कुशीला जाड दोरखंडांनी जखडलेला. बार उडाला की तोफ धक्क्याने मागे येई, दोर तिला आवरत, मग दारूगोळा भरून खलाशी तिला ओढून पुन्हा खिडकीशी नेत. वादळात हे दोर तुटले की दोन-अडीच टनांचं ते धूड जहाज कलेल तिकडे धावत सुटे. शत्रूच्या जहाजाला त्याची झळ नाही. चिरडायची ती आपलीच माणसं, फुटायचं ते आपलंच जहाज.

व्हिक्टर ह्यूगोने हा प्रसंग ‘नव्वदावर तीन’ म्हणजे १७९३ सालावरच्या आपल्या शेवटच्या कादंबरीत असा रंगवलाय की बास. कादंबरी आली १८७४ साली. ‘क्लेमोर’ जहाजावर एका तोफेचे दोर सुटतात, कारण तिच्या गोलंदाजाने बांधणीत कुचराई केलेली असते. तोच गोलंदाज मग हातात लोखंडी पहार आणि दोराचा फास घेऊन तिच्यापुढे उभा राहतो. तोफ त्याला चिरडणार तेवढ्यात शेतकऱ्याच्या वेषातला एक म्हातारा तिच्या चाकांत खोट्या नोटांचं गाठोडं टाकतो, ती अडखळते, आणि गोलंदाज तिला जेरबंद करतो. म्हातारा खरा तर सरदार. तो त्या गोलंदाजाच्या छातीवर शौर्याचं पदक लावतो आणि पाठोपाठ कुचराईबद्दल त्याला गोळ्या घालायचा हुकूम देतो. असा इन्साफ आमच्या बडोद्याच्या इतिहासातही सापडायचा नाही, आणि आमच्याकडे बरंच काही सापडतं.

इंग्रजीत हा शब्द माणसाला चिकटायला बराच काळ गेला. अमेरिकेत थिओडोर रूझवेल्टने निवृत्तीनंतरच्या स्वतःच्या स्थितीबद्दल अशी उपमा वापरल्याची आठवण विल्यम अॅलन व्हाइट या संपादकाने नोंदवली आहे, आणि १९७०-८०च्या दशकांत तिथल्या राजकारणात तो सर्रास झाला. इतर युरोपीय भाषांनी आपापली पर्यायी सोय लावून घेतली. इटालियनमध्ये असा माणूस म्हणजे पाण्यात भरकटणारा सुरुंग, ‘मिना वागान्ते’. त्या नावाचा फेर्झान ओझपेतेकचा सिनेमा २०१० साली आला, त्याचं इंग्रजी नाव ‘लूज कॅनन्स’. डच लोक त्याला दिशा न दिलेलं अस्त्र म्हणतात. फ्रेंच म्हणतात ‘मोकळा इलेक्ट्रॉन’, पण त्यात थोडं कौतुकही असतं. आपल्याच देशाचा ह्यूगो घरात असताना फ्रेंचांनी तोफ सोडून अणू धरला, याची मला गंमत वाटते.

आता माझ्या लाडक्या विषयाकडे येतो. १९३१ साली सयाजीराव महाराजांच्या आज्ञेने बडोद्यात एक कोश निघाला, ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू’. राज्यकारभारातला इंग्रजी शब्द, आणि त्यापुढे गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द. आठ भाषा एका ओळीत. दांडिया बाजारातल्या एका जुन्या वकिलांच्या दिवाणखान्यात मी तो पहिल्यांदा हाताळला, आणि चहा निवून गेला तरी पानं उलटत बसलो. त्यांच्या घरच्यांनी तेव्हापासून मला जरा जपूनच बोलावलं.

असा कोश बडोद्यालाच सुचावा यात नवल नाही. प्रजा गुजराती, दरबार मराठी, जुन्या दफ्तरात फारसीचा भरणा, रेसिडेन्सीशी पत्रव्यवहार इंग्रजीत. राज्याचं गॅझेट म्हणजे ‘आज्ञापत्रिका’, महालाचा अधिकारी ‘वहिवटदार’, त्यावर ‘सुभा’. एकाच कचेरीत एकाच गोष्टीला चार नावं चालत, आणि चार नावं असली की वाद आलेच. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथ पंडितांनी केलेल्या राज्यव्यवहारकोशाचा हा वारस. पण एक फरक मला मोठा वाटतो. राज्यव्यवहारकोशाने सुमारे १४०० शब्दांत फारसीला हटवून संस्कृत बसवलं. कल्पतरूने फारसीला हाकललं नाही, तिला हक्काचा रकाना दिला. शासनाच्या कामात ही उदारता आजही दिसत नाही, म्हणून तर आपल्या सरकारी परिपत्रकांचं मराठी कळायला इंग्रजी मसुदा मागवावा लागतो.

तर मी एक खेळ सुरू केला. ‘लूज कॅनन’ कल्पतरूत घालायचं ठरलं, तर त्या सात रकान्यांत काय येईल?

संस्कृतचा रकाना झटकन भरला: निरंकुश. अंकुश म्हणजे माहुताच्या हातातला आकडा. तो नसलेला हत्ती. जोडीला उच्छृंखल, साखळी तोडलेला. उर्दूत ‘शुतुर-ए-बेमुहार’, म्हणजे मुहार नसलेला उंट; मुहार ही उंटाच्या नाकातली दोरी. फारसीत ‘अफसार-गुसिख्ता’, दावं तोडलेलं जनावर. हिंदीत ‘छुट्टा सांड’ किंवा ‘बेलगाम घोडा’. बंगालीत ‘लागामछाडा’, पुन्हा घोडाच. नुसत्या लहरी माणसाला बंगाली ‘खामखेयाली’ म्हणतात आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही. रवींद्रनाथांनी आणि मित्रांनी १८९७च्या सुमारास ‘खामखेयाली सभा’च काढली होती. गुजरातीसाठी शेजारच्या मासींना विचारलं. त्या ओटल्यावर पापडी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “छुट्टो सांढ, बीजुं शुं?” मग जरा थांबून, “आम तो एम ज कहिए ने भाई, एनुं कंई ठेकाणुं नहीं.” त्याचं काही ठिकाण नाही. बडोद्यातले मराठीही हेच म्हणतात, आणि आपण कुठली भाषा बोलतोय याचा हिशेब इथे कुणी ठेवत नाही.

हत्ती, उंट, घोडा, बैल. सहा रकाने भरले आणि एकातही तोफ नाही. आपल्या लोकांनी बेभरवशाचा प्राणी जन्मभर डोळ्यांसमोर पाहिला, जहाजाचं डेक फार थोड्यांनी पाहिलं. मराठीत तर गोठाच भरलाय: बेलगाम, मोकाट, चौखूर उधळलेला, वेसण नसलेला, दावं तोडून आलेला. आणि लोढणं. आज आपण नको असलेल्या जबाबदारीला लोढणं म्हणतो, पण खरं लोढणं म्हणजे ओढाळ जनावराच्या गळ्यात अडकवलेला लाकडाचा ओंडका. तो बरोबर गुडघ्यांच्या उंचीवर लोंबतो. जनावर चाललं तर त्रास नाही, धावायला लागलं की प्रत्येक ढांगेला नडगीवर टोला. पक्षाच्या शिस्तपालन समितीपेक्षा परिणामकारक.

इथे थोडी इतिहासाची हजेरी लावून टाकतो, नाहीतर संपादक रागावतील. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात गायकवाड गुजरातेत स्थिरावले, १८०२ मध्ये इंग्रजांशी तह झाला, १८७५ मध्ये नाशिककडच्या कवळाण्याचा गोपाळराव दत्तक येऊन सयाजीराव झाला, १९३९ पर्यंत त्याने राज्य केलं, १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. झालं.

सयाजीरावांआधीचे मल्हारराव. बडोद्यात लहरी माणसाचा विषय निघाला की त्यांचं नाव निघतंच. थोरले भाऊ खंडेराव यांनी चांदीच्या तोफा ओतवल्या, तर यांनी कडी करायला सोन्याच्या केल्या, असं सांगतात. तोफा सोन्याच्या होत्या हे मात्र खरं. ओढायला पांढरे शुभ्र बैल. भावाविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून पादऱ्याला कैदेत होते, १८७० मध्ये भाऊ गेल्यावर तिथून थेट गादीवर. नोव्हेंबर १८७४ मध्ये रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या पपनसाच्या सरबतात काहीतरी निघालं. दोन घोट घेऊन चव विचित्र लागली म्हणून त्यांनी पेला ओतून दिला, आणि तळाच्या गाळात सोमल आणि हिऱ्याची पूड असल्याचं सांगितलं गेलं. म्हणजे ज्या वर्षी ह्यूगोची तोफ सुटली, त्याच वर्षी बडोद्यात हे. चौकशीला सहा जणांचं कमिशन बसलं. तीन इंग्रज म्हणाले दोषी. ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव म्हणाले सिद्ध झालेलं नाही. निकाल तीन-तीन. तरी एप्रिल १८७५ मध्ये गैरकारभाराचं कारण पुढे करून मल्हाररावांना पदच्युत केलंच. बंगालीत लगेच अमृतलाल बसूंनी ‘हीरकचूर्ण’ नावाचं नाटक लिहिलं.

सगळे मल्हाररावांनाच ‘लूज कॅनन’ म्हणतील. मला ते पटत नाही. इंग्रजांच्या दृष्टीने मल्हारराव त्यांच्या डेकवर नव्हतेच. त्यांच्या डेकवर होते कर्नल फेअर. दरबाराशी त्यांचं इतकं विकोपाला गेलं की खुद्द व्हाइसरॉय नॉर्थब्रुक यांनीच, सरबताच्या प्रकरणानंतर महिन्याभरात, त्यांना हलवून सर लुइस पेली यांना पाठवलं. दोर तुटले होते ते फेअर यांचे. हा शब्द आपल्याच माणसाला लागू पडतो, परक्याला नाही, हे एकदा ध्यानात ठेवलं की निम्मं भाषांतर झालं. ‘बेलगाम’ आणि ‘मोकाट’ इथेच कमी पडतात. मोकाट बैल कुणाचंही शेत खातो.

आणि मराठीत तोफ आली की भलतंच होतं. आपण उत्तम वक्त्याला ‘मुलूखमैदान तोफ’ म्हणतो, ती शाबासकी असते. विजापूरची ही तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली, वजन सुमारे ५५ टन. तोंडाशी श्वापदाचा जबडा आणि त्या जबड्यात सापडलेला हत्ती. मी विजापूरला गेलो तेव्हा बुरुजावरून खाली यायलाच तयार नव्हतो. बार काढताना गोलंदाज शेजारच्या हौदात बुडी मारत असे, असं तिथे ऐकायला मिळतं. १८५४ मध्ये साताऱ्याच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी ती लिलावात काढली, तर सर्वांत मोठी बोली आली १५० रुपयांची! शेवटी विक्री रद्द झाली म्हणून आज पाहायला मिळते. सांगायचं काय, तर आपली तोफ बुरुजावर बसलेली. ती सुटत नाही, धावत नाही, आपल्या माणसांवर येत नाही. म्हणून ‘सुटलेली तोफ’ म्हटलं की मराठी वाचक टाळ्या वाजवायच्या तयारीत बसतो.

मग मराठी रकान्यात काय? ‘माकडाच्या हाती कोलीत’ जवळ येतं, कारण जळतं ते आपलंच घर. पण त्यात कोलीत देणारा मूर्ख ठरतो, माकडाला मोकळीक मिळते. ‘आली लहर, केला कहर’ बोलायला झकास, बातमीत बसत नाही. वर्तमानपत्रांनी अलीकडे रूढ केलेला ‘वाचाळवीर’ राजकारणापुरता अचूक आहे, पण जो न बोलता घोटाळा करतो त्याचं काय? माझं मत ‘त्याचा काही नेम नाही’ याला. हे आपण दिवसातून दहादा म्हणतो आणि त्यात दडलेली तोफ आपल्याला दिसत नाही. नेम म्हणजे नियम, आणि नेम म्हणजे बंदुकीचा नेमही. ज्याचा नेम नाही तो भरवशाचा नाही, आणि त्याचं तोंड कुणीकडे आहे तेही ठाऊक नाही. इंग्रजीला जहाज, वादळ आणि दोरखंड लागले, मराठीचं चार शब्दांत भागलं.

गंमत अशी, की ज्या महाराजांनी कल्पतरू करवला, त्यांच्याबद्दल इंग्रजांनी नेमकं हेच म्हटलं असतं. डिसेंबर १९११च्या दिल्ली दरबारात सम्राटापुढे सयाजीराव हातात छडी घेऊन आले, जेमतेम एकदा लवले आणि पाठ फिरवून चालू लागले, असा गहजब लंडनच्या वर्तमानपत्रांनी केला. त्यांना व्हाइसरॉय हार्डिंग यांना खुलाशाचं पत्र लिहावं लागलं. सर्वांत हुशार, सर्वांत सुधारणावादी संस्थानिक, आणि त्याचा काही नेम नाही! बडोद्यातल्या आम्हा लोकांना अर्थातच तो नेम अगदी बरोबर लागला होता असं वाटतं.

एक जागा मात्र माझ्याकडे मोकळी राहिली आहे. कान्होजी आंग्र्यांच्या गुराब जहाजांवर तोफा होत्या, वादळं होती, दोर तुटत असणारच. दर्यावर्दी मराठीत त्याला काहीतरी म्हणत असतील. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा गोव्यातल्या खलाशी घरांत सुटलेल्या ओझ्याला, भरकटलेल्या होडीला किंवा तशा माणसाला काही खास शब्द असेल, तर आजोबा-आजींना विचारून या अंकाच्या पत्त्यावर जरूर कळवा. शब्द कुठल्या गावचा आणि कोण वापरतं, तेही लिहा.