नऊ वर्षांची प्रतीक्षा, नऊ शिलेदार

जुलै २००६ मध्ये ‘व्हॉल्व्ह’ या अमेरिकी कंपनीने आपल्या आगामी व्हिडिओ गेमची छोटीशी चित्रफीत प्रसिद्ध केली. ज्या ‘टीम फोर्ट्रेस २’ची वाट पाहता पाहता कित्येकांची शाळा-महाविद्यालयाची वर्षे सरली होती, तो खेळ अखेर येऊ घातला होता. मात्र पडद्यावर जे दिसत होते ते सात वर्षांपूर्वी दाखवलेल्या खेळाशी मुळीच जुळत नव्हते. तेव्हा दिसले होते लष्करी गणवेशातील सैनिक आणि खरीखुरी वाटणारी युद्धभूमी. आता समोर आली होती लाल आणि निळ्या पोशाखातील नऊ माणसे. कोणी पिंपासारखा रुंद, कोणी काडीसारखा सडपातळ, सगळीच जणू व्यंगचित्रातून उतरलेली. इतक्या वर्षांनी आलेला पाहुणा ओळखीचा निघू नये, अशीच काहीशी गत झाली.

या खेळाची जन्मकथा थोडी मागे जाते. १९९६ च्या जूनमध्ये ‘क्वेक’ हा नेमबाजीचा गाजलेला खेळ बाजारात आला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियातील रॉबिन वॉकर, जॉन कुक आणि इयान कॉघली या तिघा तरुणांनी त्यात फेरफार करून ‘टीम फोर्ट्रेस’ नावाची आवृत्ती काढली आणि इंटरनेटवर मोफत ठेवली. अशा हौशी फेरफाराला खेळाडूंच्या भाषेत ‘मॉड’ म्हणतात. मूळ ‘क्वेक’मध्ये प्रत्येक खेळाडू सारखाच, ज्याचा हात जलद आणि नेम अचूक तो जिंकला. या तिघांनी खेळाडूंना दोन संघांत विभागले आणि प्रत्येकाला वेगळी भूमिका दिली. कोणी वेगाने धावणारा, कोणी जखमींवर उपचार करणारा, कोणी लांबून नेम धरणारा. क्रिकेटच्या संघात अकराही जण सलामीचे फलंदाज असून चालत नाही, तसलाच हा प्रकार. नेम कच्चा असलेल्यालाही संघाच्या उपयोगी पडता येऊ लागले, आणि खेळ लोकप्रिय झाला.

व्हॉल्व्हने १९९८ मध्ये या मंडळींना आपल्याकडे बोलावून घेतले आणि ‘टीम फोर्ट्रेस २’चे काम सुरू झाले. १९९९ च्या एप्रिलमध्ये जुन्या मॉडची सुधारित आवृत्ती ‘टीम फोर्ट्रेस क्लासिक’ या नावाने आली. पाठोपाठ लॉस एंजेलिसच्या ‘ई-थ्री’ प्रदर्शनात नव्या खेळाची झलक दाखवण्यात आली. ‘ब्रदरहूड ऑफ आर्म्स’ हे त्याचे उपशीर्षक. त्यात आधुनिक युद्धाचे वास्तववादी चित्रण होते. शत्रूच्या प्रदेशात पॅराशूटने उतरणारे सैनिक होते आणि उंचावरून रणांगण पाहत साऱ्या संघाला आदेश देणारा एक सेनापतीही होता. समीक्षकांनी त्या प्रदर्शनातील पुरस्कार त्याला बहाल केले. खेळ आता आलाच, असे साऱ्यांनी गृहीत धरले.

तो आला नाही. २००० मध्ये कंपनीने सांगितले, की खेळ नव्या तंत्रप्रणालीवर नव्याने उभारला जात आहे, म्हणून विलंब होईल. त्यानंतर जवळजवळ सहा वर्षे अधिकृतपणे फारसे काही कानावर आले नाही. ‘वायर्ड’ नियतकालिक दरवर्षी, घोषणा झाली पण वस्तू कधी दिसलीच नाही अशा उत्पादनांची यादी छापत असे. त्या यादीतही या खेळाचे नाव चढले. पडद्याआड काम चालू होते, पण ते पुसून पुन्हा लिहिण्याचे. तीन-चार निरनिराळे खेळ रचून ते बाजूला ठेवल्यानंतर आजचे रूप हाती लागले, असे निर्मात्यांनी पुढे सांगितले. बाहेर वाट पाहणाऱ्याला यातले काहीच ठाऊक नव्हते. त्याच्या दृष्टीने कंपनीने आशा लावली आणि मग तोंडाला कुलूप घातले. व्हॉल्व्हच्या कामाचे कितीही कौतुक केले, तरी हे मौन चाहत्यांच्या पदरी सरळ सरळ उपेक्षा टाकणारे होते, हे मान्य करावेच लागेल.

मग रंग आले कोठून? याचे उत्तर त्या काळातील इतर खेळांकडे पाहिले की मिळते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात संगणकांची चित्रक्षमता झपाट्याने वाढली, आणि नेमबाजीच्या जवळजवळ प्रत्येक खेळाने ती वास्तवाची नक्कल करण्यात खर्ची घातली. मुंबई-पुण्याच्या सायबर कॅफेंमध्ये ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळण्यात ज्यांच्या सुट्ट्या गेल्या, त्यांना धुळीच्या भिंती, मातकट पोशाख आणि करडा-तपकिरी उजेड आठवेल. हा खेळही व्हॉल्व्हचाच. १९९९ मध्ये वास्तववादी लष्करी खेळ ही नवलाई होती. २००६ पर्यंत तो नेहमीचा माल झाला होता. त्यात आणखी एकाची भर घालून उपयोग नव्हता.

पण वेगळे दिसणे एवढाच हेतू असता तर गोष्ट सांगण्याजोगी झाली नसती. खरी अडचण खेळाच्या रचनेतच होती. नऊ भूमिका असलेल्या खेळात समोर कोण आले आहे, यावर पुढची चाल ठरते. ‘हेवी’ हा अजस्र बंदूकधारी असेल तर समोरासमोर भिडण्यात अर्थ नाही; त्याची सहनशक्ती ३०० गुणांची. चपळ ‘स्काउट’ची अवघी १२५, पण तो हवेतल्या हवेत दुसरी उडी मारून निसटतो. ‘पायरो’ आगीचा फवारा घेऊन येतो, त्यापासून अंतर राखलेले बरे. हे सारे खेळाडूने अर्ध्या सेकंदात, धावता धावता, लांबून ओळखायचे असते. सगळ्यांना एकाच छापाचा लष्करी गणवेश घातला, तर ही ओळख पटणार कशी? वास्तववाद येथे खेळाच्याच मुळावर येत होता.

यावर शोधलेला उपाय व्हॉल्व्हच्या जेसन मिचेल, मोबी फ्रँके आणि दाबीह एंग यांनी २००७ मध्ये एका शोधनिबंधातून मांडला. खेळाच्या जाहिरातीपेक्षा हा निबंध कितीतरी वाचनीय आहे. त्यांनी खेळाडूच्या नजरेला पडणाऱ्या प्रश्नांचा क्रम लावला. पहिला प्रश्न, समोरचा आपला की परका? याचे उत्तर रंगाने मिळते: लाल संघाला उबदार छटा, निळ्या संघाला थंड. दुसरा प्रश्न, तो कोण? याचे उत्तर आकृतीने मिळते. नऊही पात्रांची नुसती काळी सावली दाखवली तरी ओळख पटली पाहिजे, या अटीवर त्यांची शरीरे, टोप्या आणि चालण्याची ढब घडवली गेली. तिसरा प्रश्न, त्याच्या हातात काय आहे? त्यासाठी पात्रांचे पाय गडद आणि छातीचा भाग उजळ ठेवला, म्हणजे नजर आपोआप शस्त्र धरलेल्या हातांकडे जाते.

रंगभरणीची ही पद्धत त्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अमेरिकी नियतकालिकांच्या चित्रकारांकडून घेतली. जे. सी. लायनडेकर, डीन कॉर्नवेल, नॉर्मन रॉकवेल ही त्यांतील प्रमुख नावे. लायनडेकर यांनी एकट्या ‘सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट’साठी तीनशेहून अधिक मुखपृष्ठे रंगवली. कपड्यांच्या मोजक्या, ठाशीव चुण्या, आकृतीच्या कडेने उमटणारी उजेडाची रेघ, सावलीत काळ्याऐवजी थंड रंगाची छटा, ही त्यांची वैशिष्ट्ये. मराठी वाचकाने येथे दीनानाथ दलालांची दिवाळी अंकांची मुखपृष्ठे डोळ्यांसमोर आणावीत. शैली निराळी, पण रस्त्यावरच्या विक्रेत्याकडे टांगलेल्या अंकांच्या गर्दीतून लांबूनच नजर खेचून घेण्याचे काम तेच. मुखपृष्ठाची ही जुनी विद्या व्हॉल्व्हच्या तंत्रज्ञांनी गणिती सूत्रांत बसवली आणि पडद्यावरील प्रत्येक हलत्या आकृतीला ती लागू केली.

पार्श्वभूमीचाही असाच विचार झाला. लाल संघाचे तळ लाकडी आणि शेतावरच्या कोठारासारखे. निळ्यांचे काँक्रीट आणि पत्र्याचे, सरळ कोनांचे. बाहेरून साधी गोदामे, आत हेरगिरीचे भुयारी अड्डे. भिंतींवरचा तपशील मुद्दाम कमी ठेवला, कुंचल्याच्या फटकाऱ्यांसारखा, म्हणजे माणसे त्यावर उठून दिसावीत. परक्या रंगाच्या इमारतीत शिरलो की आपण शत्रूच्या घरात आहोत, हे पाटी न वाचताच कळते.

आणि इतक्या खटाटोपाने प्रत्येकाची ओळख पक्की केल्यावर निर्मात्यांनी एका पात्राला ती खोटी ठरवण्याची मुभा दिली. ‘स्पाय’ हा या खेळातील बहुरूपी. तो शत्रुपक्षातील कोणाचेही रूप घेऊन त्यांच्यात मिसळतो आणि पाठीमागून एकाच घावात काम तमाम करतो. जेथे कोणाचीच ओळख नीट पटत नाही, तेथे बहुरूप्याला काय किंमत? नजरेवर विश्वास बसलेल्या खेळाडूलाच नजर फसवते तेव्हा धक्का बसतो. मग प्रत्येक जण स्वतःच्या सहकाऱ्याकडे संशयाने पाहू लागतो, आणि खात्री करून घेण्यासाठी पायरो मित्रावरही आगीचा फवारा मारून पाहतो. मित्र असेल तर काही होत नाही. सोंग असेल तर पेट घेते.

अर्थात साऱ्यांनाच हे रुचले नाही. १९९९ ची झलक मनात जपून ठेवलेल्यांना आपली फसवणूक झाल्यासारखे वाटले. सेनापतीची भूमिका गेली, पॅराशूट गेले. ‘क्लासिक’च्या जुन्या खेळाडूंचा राग आणखी वेगळा. प्रत्येक पात्राकडे असणारे हातगोळे नव्या खेळातून काढून टाकले होते, आणि ते अचूक फेकण्याचे कसब त्यांनी वर्षानुवर्षे कमावले होते. या तक्रारीत तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. जी विद्या अंगी बाणवली तिचाच उपयोग संपणे, हे कोणत्याही खेळाडूला झोंबणारच. निर्मात्यांचा युक्तिवाद असा, की सगळेच सगळीकडे गोळे फेकू लागले की भूमिकांमधला फरक पुसला जातो. खेळून पाहिल्यावर हा युक्तिवाद बहुतेकांना पटला. काही जण मात्र ‘क्लासिक’कडेच राहिले.

मधल्या काळात कंपनीने उत्सुकता वाढवण्याची एक नामी युक्ती काढली. मे २००७ पासून एकेका पात्राची ओळख करून देणाऱ्या छोट्या विनोदी फिती येऊ लागल्या. पहिला मान हेवीचा. आपल्या बंदुकीवर लेकरासारखी माया करणारा हा धिप्पाड गडी पाहून, खेळ हाती पडण्याआधीच लोक त्याच्या प्रेमात पडले. नेमबाजीच्या खेळातील सैनिकांना तोवर बहुधा चेहराच नसे. येथे प्रत्येकाला स्वभाव होता, लकब होती. सोल्जर आणि इंजिनिअर यांच्या फितीही खेळापूर्वीच येऊन गेल्या.

१७ सप्टेंबर २००७ रोजी आगाऊ खरेदी करणाऱ्यांसाठी चाचणी आवृत्ती खुली झाली आणि १० ऑक्टोबर २००७ रोजी ‘द ऑरेंज बॉक्स’ या संचातून खेळ प्रत्यक्ष बाजारात आला. सोबत ‘हाफ-लाइफ २’, त्याचे दोन पुढील भाग आणि ‘पोर्टल’ हे खेळ होते. लढण्यासाठी मैदाने अवघी सहा. नऊ वर्षांच्या प्रतीक्षेच्या मानाने शिदोरी तशी लहानच, पण ती पुरली. समीक्षकांनी विशेष प्रशंसा केली ती रूपाची आणि विनोदाची.

यावरून उशिराचे फळ गोडच असते, असा निष्कर्ष कोणी काढू नये. १९९७ मध्ये घोषित झालेला ‘ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर’ २०११ च्या जूनमध्ये आला आणि चौदा वर्षे वाट पाहणाऱ्यांची निराशा करून गेला. तेथेही तंत्रप्रणाली बदलल्या गेल्या, तेथेही काम पुन्हा पुन्हा मोडले गेले. फरक एवढाच, की व्हॉल्व्हच्या मंडळींना खेळाच्या मुळाशी असलेला एक नेमका प्रश्न सापडला होता आणि प्रत्येक फेरबदलाला त्याची कसोटी लावता येत होती.

पुढे ही रंगीत वाट रुळली. निन्टेन्डोचा ‘स्प्लॅटून’ २०१५ मध्ये आला, ब्लिझर्डचा ‘ओव्हरवॉच’ २४ मे २०१६ रोजी. दोन्ही खेळांत चटक रंग, ठळक आकृती आणि संघाने खेळण्यावर भर. ‘ओव्हरवॉच’चीही चाहत्यांनी घोषणेपासून दीड वर्ष आतुरतेने वाट पाहिली होती, आणि तोही ‘टायटन’ या रद्द झालेल्या मोठ्या प्रकल्पाच्या अवशेषांतून उभा राहिला होता.

‘टीम फोर्ट्रेस २’ स्वतः २३ जून २०११ पासून मोफत झाला. खेळणारे टिकून राहिले; कंपनीचे लक्ष मात्र हळूहळू उडाले. यंत्रचलित बनावट खेळाडूंनी सामने नासवू लागल्यावर चाहत्यांनी २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये मोहीम उघडली. दुसऱ्या वेळच्या निवेदनावर तीन लाखांहून अधिक सह्या झाल्या. पात्रांच्या कथा सांगणाऱ्या चित्रमालिकेचा सहावा भाग जानेवारी २०१७ मध्ये आला होता. सातव्यासाठी वाचकांना डिसेंबर २०२४ उजाडण्याची वाट पाहावी लागली. पाठोपाठ फेब्रुवारी २०२५ मध्ये व्हॉल्व्हने खेळाची संगणकीय संहिता हौशी मंडळींसाठी खुली केली. अट एकच: त्यातून जे काही तयार होईल ते तिघा ऑस्ट्रेलियन तरुणांच्या पहिल्या ‘टीम फोर्ट्रेस’सारखे मोफत असले पाहिजे.