रिची मॅकॉ : कप्तान नंबर सात

न्यूझीलंडच्या हाकातारामेआ खोऱ्यातल्या शेतावर वाढलेल्या या मुलाला मामानं एकदा मॅकडोनाल्ड्समध्ये बसवून कागदी नॅपकिनवर राष्ट्रीय रग्बी संघापर्यंतच्या, म्हणजे ‘ऑल ब्लॅक्स’पर्यंतच्या पायऱ्या लिहायला लावल्या. खाली सही कर म्हणाला, ‘ग्रेट ऑल ब्लॅक’ अशी! पोरगा लाजला आणि नुसतं ‘जी. ए. बी.’ खरडून मोकळा झाला.

२००१मध्ये आयर्लंडविरुद्ध पदार्पण, त्याच सामन्यात सामनावीर. पुढे १४८ कसोटी, त्यांतल्या ११० कर्णधार म्हणून.

वाट मात्र सरळ नव्हती. २००७च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीतच फ्रान्सनं २०-१८ असं गारद केलं आणि मायदेशी त्याच्या नेतृत्वावर टीकेची झोड उठली. २०११ची स्पर्धा तो पायाचं हाड मोडलेलं असताना खेळला. एक्स-रे काढलाच नाही. निदान कागदावर आलं असतं, तर डॉक्टरांना त्याला मैदानात सोडणं अवघड गेलं असतं. अंतिम सामन्यात त्याच फ्रान्सवर ८-७ असा निसटता विजय मिळाला. २०१५मध्ये ऑस्ट्रेलियाला ३४-१७ असं हरवून लागोपाठ दोन विश्वचषक उंचावणारा तो पहिला कर्णधार ठरला.

सात नंबरच्या जागेवर खेळणारा मॅकॉ खाली पडलेल्या चेंडूवर झडप घालताना नियमांची कड गाठतो, अशी प्रतिस्पर्ध्यांची कायमची ओरड. ती अगदीच निराधार नव्हती.

निवृत्तीनंतर तो व्यावसायिक हेलिकॉप्टर वैमानिक झाला. २०१६च्या कायकोरा भूकंपानंतरच्या मदतकार्यातही त्यानं उड्डाणं केली.